बालीगंजचे बिऱ्हाड

मराठीतील ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, जवळजवळ तेच अंतर बंगालीतील ‘बाडी’ आणि ‘बासा’ या शब्दांत आहे. कुलदैवत, श्राद्धपक्ष आणि भाऊबंदकी यांनी बांधलेली वडिलोपार्जित वास्तू म्हणजे घर, म्हणजेच बाडी. नोकरीच्या गावी, परक्याच्या छपराखाली, दोन ट्रंका आणि चार भांडी यांच्या आधाराने मांडलेला संसार म्हणजे बिऱ्हाड, म्हणजेच बासा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिक्षण घेऊन सरकारी चाकरीत शिरलेल्या वर्गाचे निम्मे आयुष्य या दुसऱ्या प्रकारच्या वास्तव्यात गेले. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत त्यापूर्वीही होती. परंतु ‘बदली’ या शब्दाने तिला जो नवा अर्थ दिला, त्याचे पडसाद प्रबोधनकाळातील चरित्र-आत्मचरित्रांत जागोजागी उमटलेले दिसतात. वाङ्मयेतिहासकारांनी मात्र लेखकाच्या घराचा जितका शोध घेतला, तितका त्याच्या बिऱ्हाडांचा घेतला नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना कोणती वस्तू बांधली गेली, कोणती विकली गेली, कोणती सवय उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली आणि कोणती नकळत बरोबर आली, हे प्रश्न गृहिणींचे म्हणून वाङ्मयविचारातून वगळले गेले. ते तसे वगळता येत नाहीत, हे कलकत्त्याच्या बालीगंज भागातील एका वास्तूच्या इतिहासावरून ध्यानात येते.

ही वास्तू म्हणजे बालीगंज स्टोअर रोडवरील १९ क्रमांकाचे घर. हिंदुस्थानी सनदी सेवेत प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ ठाकूर (१८४२–१९२३) आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी (१८५०–१९४१) यांचे अखेरचे मोठे बिऱ्हाड येथे मांडले गेले. रवींद्रनाथांचे थोरले बंधू आणि वहिनी एवढीच या दांपत्याची ओळख मराठी वाचकाला असते. सत्येंद्रनाथांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. अहमदाबाद, पुणे, विजापूर, कारवार, सोलापूर अशी गावे पालथी घालून १८९७ मध्ये ते सातारा येथून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. याचा अर्थ असा, की बालीगंजच्या घरात जे सामान उतरले, ते तीस-बत्तीस वर्षे महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाच्या सीमाप्रदेशात जमवलेले होते. मराठी ही त्या सामानातील एक महत्त्वाची जिन्नस होती.

या स्थलांतराची पूर्वतयारी सुरू झाली ती मात्र बरीच आधी, आणि ती कागदावर झाली. १८६२ मध्ये परीक्षेसाठी विलायतेस गेलेले सत्येंद्रनाथ तेथून आपल्या अल्पवयीन पत्नीस पत्रे लिहीत. इंग्लंडातील स्त्रियांचा मोकळा वावर पाहून ‘तूही येथे ये’ असा त्यांचा आग्रह होता. जोडासाँकोच्या अंतःपुरातील ज्या मुलीचा विवाह १८५९ मध्ये झाला होता आणि जिने घराचा बाहेरचा चौकही कधी ओलांडलेला नव्हता, तिला हा आग्रह कितपत उमगला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. महर्षी देवेंद्रनाथांनी या बेतास मान्यता दिली नाही. पुढे १८६४ मध्ये सत्येंद्रनाथ परतले, मुंबई इलाख्यात नेमणूक झाली आणि पत्नीस बरोबर नेण्याची परवानगी त्यांनी पित्याकडून मिळवली. परवानगी मिळाली खरी. पण ज्या घरातील स्त्रियांना गंगास्नानही पालखीसकट पाण्यात बुडवून घडवले जाई, त्या घरातून एका सुनेने समुद्रमार्गे परमुलखात बिऱ्हाड करायला जायचे तर पहिला प्रश्न सामानाचा नव्हता, तो वस्त्राचा होता. अंतःपुरात बंगाली स्त्रिया एकच पातळ वस्त्र गुंडाळीत. चोळी, परकर यांची रीत नव्हती. त्या वेषात परपुरुषांसमोर उभे राहणे अशक्य होते. तेव्हा एका फ्रेंच दुकानातून ‘पौर्वात्य’ धर्तीचा म्हणून एक पोशाख शिवून घेण्यात आला. तो इतका गुंतागुंतीचा होता, की तो अंगावर चढवण्यास ज्ञानदानंदिनींना पतीची मदत घ्यावी लागे. पत्नीने घोडागाडीतून बंदरावर यावे ही सत्येंद्रनाथांची इच्छा; घरच्या जुन्या मंडळींना ती मानवली नाही. अखेर पालखीतूनच त्यांना जहाजापर्यंत नेण्यात आले. त्या काळी कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारा सलग लोहमार्ग नव्हता. तो अलाहाबाद–जबलपूर मार्गे पूर्ण झाला तो मार्च १८७० मध्ये. त्यामुळे हा पहिला प्रवास आगबोटीचा होता.

ज्ञानदानंदिनींनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आणि कन्येने लिहून घेतलेल्या आठवणी, तसेच सत्येंद्रनाथांची विलायतेतील पत्रे ‘पुरातनी’ (१९५७) या ग्रंथात आहेत. त्यांतील पोशाखाचा प्रसंग गमतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो. प्रत्यक्षात त्यात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. घर सोडण्याच्या तयारीत जे पहिले गाठोडे बांधले गेले, ते कल्पनेतल्या परदेशासाठी होते. प्रत्यक्ष मुंबईसाठी नव्हे. मुंबईत उतरल्यावर त्या फ्रेंच पोशाखाचा काडीइतकाही उपयोग नाही, हे कळून चुकले. तेथे हे दांपत्य प्रथम माणकजी कर्सेटजी या पारशी सुधारकाच्या घरी राहिले. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या या गृहस्थांच्या कन्या समाजात मोकळेपणाने वावरत. त्यांचे नेसणे पाहून ज्ञानदानंदिनींनी पारशी साडीची पद्धत उचलली. पण ती जशीच्या तशी नव्हे. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेण्याऐवजी त्यांनी तो डाव्या खांद्यावर घेतला, उजवा हात मोकळा ठेवला, चोळी आणि परकर यांची जोड दिली. बंगालमध्ये ही रीत ‘बोंबाई दस्तूर’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि ब्राह्मसमाजी स्त्रियांमधून सर्वत्र पसरली.

नावात ‘बोंबाई’ असले, तरी हे नेसणे मराठी नव्हे. नऊवारीचा त्यात लवलेश नाही. मुंबई म्हणजे महाराष्ट्र हे समीकरण मांडणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये. १८६४ च्या मुंबईत एखाद्या परप्रांतीय सुशिक्षित कुटुंबाला जे घर पहिल्यांदा उघडे झाले ते पारशाचे होते, आणि त्या घराची छाप कायम राहिली. पुढे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, न्यायमूर्ती रानडे, काशिनाथ त्रिंबक तेलंग, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, नारायण गणेश चंदावरकर अशा प्रार्थनासमाजाच्या वर्तुळातील मंडळींशी सत्येंद्रनाथांचा परिचय वाढला. १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथांना इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी तर्खडकरांच्या घरी ठेवण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. परंतु मराठी कुटुंबाशी असा घरोबा होण्यास मध्ये चौदा वर्षे जावी लागली.

या ठिकाणी नेमक्या उलट दिशेने झालेल्या एका बिऱ्हाडाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८१ मध्ये टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांची कलकत्त्यास बदली झाली. अलिबाग, कोल्हापूर, भूज अशी बिऱ्हाडे करून झालेल्या आनंदीबाई त्यांच्यासमवेत बंगालमध्ये आल्या. पुढे श्रीरामपूर येथे राहिल्या. तेथील महाविद्यालयात फेब्रुवारी १८८३ मध्ये आपण अमेरिकेस का जात आहोत, याविषयी त्यांनी व्याख्यान दिले आणि त्याच एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या बंदरातून त्या निघाल्या. मराठी माणसाने बंगालमध्ये केलेल्या बिऱ्हाडांत इतके तुटपुंजे आणि इतके दूरगामी परिणाम घडवणारे दुसरे बिऱ्हाड आढळणे कठीण. आनंदीबाईंच्या तयारीतही वस्त्राचाच प्रश्न अग्रभागी होता. कडाक्याच्या थंडीत नऊवारीत पायांचे रक्षण होत नाही म्हणून अमेरिकेत त्यांनी गुजराती धर्तीचे नेसणे पत्करले. बंगालमधून मुंबईस आलेली एक स्त्री आणि मुंबई इलाख्यातून बंगालमार्गे अमेरिकेस गेलेली दुसरी, दोघींनीही स्वतःच्या भाषेचे नेसणे बाजूस ठेवून पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी समाजांचे नेसणे जवळ केले. स्थलांतराने स्त्रीला काय दिले याची चर्चा करणाऱ्यांनी, त्यासाठी तिने पेटीच्या तळाशी काय ठेवून दिले, तेही पाहिले पाहिजे. फरक एवढाच, की ज्ञानदानंदिनींच्या पाठीशी सनदी अधिकाऱ्याचे वेतन होते आणि आनंदीबाईंच्या पाठीशी टपालखात्यातील कारकुनाचे. एकीचे बिऱ्हाड बंगल्यात उतरत होते, दुसरीचे शेजाऱ्यांच्या कुचेष्टेत.

बंगल्यातील बिऱ्हाडाची स्वतःची एक रीत होती. ती हिंदुस्थानी नव्हती आणि पुरती इंग्रजीही नव्हती. बदलीचा हुकूम आला, की जड लाकडी सामान विकून टाकायचे, पुढच्या गावी जाणाऱ्या अधिकाऱ्याचे विकत घ्यायचे, पुस्तके आणि काचसामान तेवढे पेट्यांत भरायचे. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी हिंदुस्थानातील मडमांसाठी १८८८ मध्ये लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या सुप्रसिद्ध पुस्तकात, डोंगरावर जाताना कोणत्या उंटावर कोणते सामान लादावे, याची तपशीलवार यादी दिलेली आहे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने घर हलवणे ही लष्करी हालचालीची धाकटी बहीण होती. हिंदुस्थानी अधिकाऱ्याच्या कुटुंबाला ही रीत शिकून घ्यावी लागली, पण तिच्यात त्याला पुष्कळ भर घालावी लागली. कारण त्याच्या बिऱ्हाडात दीर, जावा, भाचरे यांचा राबता असे. सत्येंद्रनाथांचे बिऱ्हाड हे जोडासाँकोच्या विशाल वाड्याचे एक फिरते दालन बनले. १८६७ मध्ये ज्योतिरिंद्रनाथ अहमदाबादेस येऊन राहिले आणि सतार, फ्रेंच व मराठी शिकले. १८७८ मध्ये रवींद्रनाथ आले, तेव्हा न्यायाधीशांचे अधिकृत निवासस्थान शाहीबागेतील मोगल काळच्या प्रासादात होते. त्या रिकाम्या दालनांच्या आठवणीतून पुढे ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) ही कथा उतरली. १८८३ मध्ये कारवारच्या समुद्रकाठी कलकत्त्याची मंडळी उतरली, ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य तेथे लिहिले गेले. सोलापूरच्या बिऱ्हाडात १८८९ मध्ये ‘राजा ओ रानी’ आकारास आले. रवींद्रवाङ्मयाच्या अभ्यासकांनी या स्थळांची नोंद घेतली आहे. परंतु ही सगळी स्थळे एका कुटुंबाच्या बदल्यांनी ठरवलेली होती, मुंबई सरकारच्या न्यायखात्याने काढलेल्या हुकमांचा या निर्मितीच्या भूगोलावर ठसा आहे, ही बाब पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

१८७७ चे स्थलांतर या सर्वांत धाडसाचे. पती बरोबर नसताना, तीन लहान मुलांना घेऊन ज्ञानदानंदिनी विलायतेस गेल्या. त्या वेळी त्या गरोदरही होत्या. ब्रायटन येथे त्यांनी बिऱ्हाड थाटले. सत्येंद्रनाथ रवींद्रनाथांसह पुढील वर्षी तेथे पोचले. दोन अपत्यांचा मृत्यू तेथे सोसून हे कुटुंब १८८० मध्ये परतले. त्यानंतर संसाराचे दोन भाग झाले. सुरेंद्र आणि इंदिरा या दोन मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञानदानंदिनी बहुतांशी कलकत्त्यात, आणि सत्येंद्रनाथ इलाख्यात. इंग्रज अधिकारी मुलांना शिक्षणासाठी मायदेशी पाठवीत. या बंगाली अधिकाऱ्याचा मायदेश कलकत्ता होता. पण परतून आलेल्या ज्ञानदानंदिनी जोडासाँकोच्या वाड्यात पुन्हा सामावल्या नाहीत. बिरजीतलाव, पार्क स्ट्रीट अशी निराळी बिऱ्हाडे त्यांनी केली. सासऱ्याचा वाडा दोन-तीन मैलांवर असताना सुनेने वेगळे घर घ्यावे, ही गोष्ट त्या काळच्या भद्रलोकात सहज पचणारी नव्हती. बाहेरच्या मुलखात ज्यांनी वीस वर्षे बिऱ्हाड केले, त्यांना घराकडे परतण्याची वाट उरत नाही. बिऱ्हाड हीच त्यांची राहण्याची रीत होऊन बसते. बालीगंजकडे जाणारा रस्ता या अर्थाने जोडासाँकोतूनच निघाला होता, मात्र तो मुंबईला वळसा घालून गेला.

बालीगंज म्हणजे त्या काळी शहराचा उंबरठा. १८६२ पासून तेथे रेल्वेचे स्थानक होते, लष्करी मैदान होते, युरोपीयांच्या बागबंगल्यांच्या मधून मधून तळी आणि भातखाचरे होती. मराठी वाचकाला या भूगोलात एक वेगळाच दुवा सापडेल. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. ‘मराठा खंदक’ या नावाने प्रसिद्ध असलेले ते काम अर्धवटच राहिले. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस खंदक बुजवून त्या रेषेवर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. कलकत्तेकरांना मात्र ‘खंदकवाले’ हे टोपणनाव चिकटले. बालीगंज या रेषेच्या बाहेर पडते. बारगिरांच्या भीतीने आखलेल्या मर्यादेपलीकडे, दीडशे वर्षांनी, मराठी ग्रंथ आणि मराठी मित्रांच्या आठवणी घेऊन एक बंगाली कुटुंब राहावयास गेले. ज्या प्रांतात आया मुलांना ‘बर्गी येतील’ अशी भीती अंगाईत घालून निजवीत, त्या प्रांतात तुकारामांचे अभंग बंगालीत आणणाऱ्या माणसाचे हे घर होते. इतिहासाने केलेली ही परतफेड फारशी कोणी टिपलेली नाही.

१८९७ हे वर्षच विलक्षण होते. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, माणसे शहर सोडून गावाकडे पळत होती, स्थानकांवर प्रवाशांची तपासणी चालली होती. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सत्येंद्रनाथांची सेवानिवृत्ती याच वर्षातली. ज्या महाराष्ट्रात त्यांनी १८६० च्या दशकातील आशावादी सुधारणापर्वात प्रवेश केला होता, तो महाराष्ट्र त्यांनी सोडला तेव्हा रानड्यांचा काळ सरत आला होता आणि टिळकांचा सुरू झाला होता. बंगालमध्ये परतल्यावर त्याच जूनमध्ये नाटोर येथे भरलेल्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. परिषद चालू असतानाच आसाम-बंगालला हादरवून टाकणारा भूकंप झाला. सनदी अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर आधी विश्रांतीचे घर शोधावे, ही सर्वसाधारण रीत. येथे भूमीच हलत होती.

पार्क स्ट्रीटवरून स्टोअर रोडवर आलेल्या या बिऱ्हाडात तारकनाथ पालित, सत्येंद्रप्रसन्न सिंह, कृष्णगोविंद गुप्त, बिहारीलाल गुप्त यांसारख्या मंडळींची ऊठबस असे. पत्नीवियोगानंतर ज्योतिरिंद्रनाथ बराच काळ याच कुटुंबात राहिले. अशा बैठकांच्या गौरवकथा बंगालीत विपुल आहेत. त्यांत येथे फार रमण्याचे कारण नाही. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या घरातील मराठीचे काय झाले, हे.

सत्येंद्रनाथांनी सेवेत असतानाच ‘बोंबाई चित्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मुंबई इलाख्यातील लोक, त्यांचे आचार, इतिहास आणि संतवाणी यांचा बंगाली वाचकाला करून दिलेला तो परिचय. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताकडे, इंग्रजीच्या खिडकीतून न पाहता, शेजारच्या अंगणात उतरून पाहिल्याचे इतके विस्तृत उदाहरण एकोणिसाव्या शतकात विरळाच. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. न्यायाधीशाला साक्षीदार जसा दिसतो, तसा त्यांना महाराष्ट्र दिसला: बारकाईने, सहानुभूतीने, पण उंच आसनावरून. तुकारामही त्यांना भेटले ते प्रार्थनासमाजाच्या उपासनामंदिरातून. वारीच्या धुळीतून नव्हे. निराकाराच्या उपासकाला तुकोबांचे जे अभंग जवळचे वाटावेत, त्यांकडे त्यांचा कल होता. असे असूनही निवृत्तीनंतर दहा वर्षांनी ‘नवरत्नमाला’त (१९०७) तुकारामांचे बंगाली अनुवाद त्यांनी संग्रहित केले आणि १९१५ मध्ये ‘आमार बाल्यकथा ओ आमार बोंबाई प्रवास’ या आठवणींच्या ग्रंथात पुन्हा त्या मुलखाकडे वळले. ‘प्रवास’ या शब्दाचा बंगालीतील अर्थ मराठी वाचकाने येथे ध्यानी घ्यावयास हवा. तो जाण्यायेण्याचा नव्हे, परमुलखातील वास्तव्याचा वाचक आहे. आयुष्याची तीन दशके ज्या भूमीत गेली, तिला सत्येंद्रनाथांनी अखेरपर्यंत घर म्हटले नाही. तिच्याविषयी लिहीत मात्र राहिले ते बालीगंजच्या घरात बसून.

धाकट्या बंधूने हा वारसा अधिक नेटाने चालवला. ज्योतिरिंद्रनाथांनी अहमदाबादेस उचललेली मराठी चाळीस-पन्नास वर्षे टिकवली. १९०८ च्या सुमारास ते बालीगंज सोडून राँचीच्या मोराबादी टेकडीवर राहावयास गेले आणि तेथे, वयाच्या सत्तरीत, लोकमान्यांच्या ‘गीतारहस्य’ या प्रचंड ग्रंथाचे बंगाली भाषांतर त्यांनी सिद्धीस नेले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाऊ ज्या गावी बदलून गेला तेथे पाहुणा म्हणून जाऊन शिकलेली भाषा अर्धशतकानंतर अशा कामी यावी, हे बिऱ्हाडांच्या इतिहासातील एक ठळक फलित मानावे लागेल. त्याच काळात सखाराम गणेश देउस्कर हे मराठी वंशाचे, देवघरकडील गृहस्थ बंगाली गद्यात ‘देशेर कथा’ (१९०४) लिहून गाजत होते आणि बंगालमध्ये शिवाजी-उत्सवाची मुहूर्तमेढ रोवीत होते. बर्गींच्या स्मृतीवर शिवाजीच्या प्रतिमेने मात केली त्याचे श्रेय राजकीय इतिहासकार स्वदेशीच्या चळवळीस देतात. ते खोटे नाही. पण चळवळीच्या आधी दोन-तीन दशके कुटुंबे एकमेकांच्या मुलखात राहून आली होती, ग्रंथ पेट्यांतून इकडून तिकडे गेले होते. जमीन अशी भिजलेली नसती, तर स्वदेशीचे बी इतक्या लवकर रुजले नसते.

घर हलवताना सर्वांत आधी हरवतात ती पत्रे. रवींद्रनाथांनी १८८७ ते १८९५ या काळात पुतणी इंदिरेस लिहिलेली पत्रे हा बंगाली गद्याचा अमोल ठेवा मानला जातो. विजापूर भागात जन्मलेल्या आणि अनेक बिऱ्हाडांतून वाढलेल्या या मुलीने ती पत्रे केवळ पेटीत ठेवली नाहीत. खाजगी मजकूर गाळून त्यांचा साहित्यिक भाग तिने दोन वह्यांत स्वहस्ते उतरवून काढला. ‘छिन्नपत्र’ (१९१२) या ग्रंथाचा आधार मुख्यत्वे या वह्या. ज्या मुलीने आपल्या आईला पुनःपुन्हा घर बांधताना-सोडताना पाहिले होते, तिला काय टिकते आणि काय टिकत नाही याची जाण लहान वयातच आली असावी. या नकलेत संपादनही आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. काय गाळले गेले, ते पूर्णपणे आता कळण्याजोगे नाही. सामान बांधणारा हात हा नेहमीच निवड करणारा हात असतो, आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्या हातावर कोणाचे नाव लिहिले जात नाही.

इंदिरादेवींचा विवाह १८९९ मध्ये प्रमथ चौधुरी यांच्याशी झाला. त्यांचा संसारही बालीगंजातच होता. १९१४ मध्ये सुरू झालेले ‘सबुजपत्र’ या नियतकालिकाने बंगाली गद्याला बोलीभाषेचे वळण दिले, ते प्रमथ चौधुरींच्या संपादनाखाली. रवींद्रनाथांची ‘घरे-बाइरे’ ही कादंबरी त्याच नियतकालिकातून १९१५–१६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे इंग्रजी भाषांतर केले ते सत्येंद्रनाथांचे पुत्र सुरेंद्रनाथ यांनी. घर आणि बाहेर यांतील ताण हाच ज्या कादंबरीचा विषय, तिचे भाषांतर ज्ञानदानंदिनींच्या मुलाने करावे, यात योगायोगापेक्षा काही अधिक आहे. हे भाषांतर ग्रंथरूपाने १९१९ मध्ये निघाले.

त्याच १९१९ मध्ये स्टोअर रोडवरील ठाकूर कुटुंबाची ही मालमत्ता बिर्ला कुटुंबाने विकत घेतली. जुनी वास्तू पाडण्यात आली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी तेथे नवा प्रासाद उभा राहिला. सत्येंद्रनाथ जानेवारी १९२३ मध्ये कलकत्त्यात निवर्तले, ज्योतिरिंद्रनाथ मार्च १९२५ मध्ये राँचीस. १९५० च्या दशकात घनश्यामदास बिर्लांनी तो प्रासाद विज्ञानसंग्रहालयासाठी देऊ केला आणि २ मे १९५९ रोजी बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय तेथे सुरू झाले. स्टोअर रोडला पुढे गुरुसदय दत्त यांचे नाव मिळाले. तेही सनदी अधिकारी आणि लोकसंस्कृतीचे संग्राहक. संग्रहालयात शाळकरी मुलांच्या रांगा लागतात. यंत्रे, खाणीची प्रतिकृती, प्रयोग पाहून त्या बाहेर पडतात. त्या आवारात कधी काळी तुकारामांच्या गाथेचे बंगाली होत होते, याची खूण तेथे शोधून उपयोग नाही. पाडलेल्या घराचा इतिहास त्या जागी नसतो. तो जेथे सामान गेले तेथे असतो.

हे सामान शांतिनिकेतनात गेले. ज्ञानदानंदिनी ऑक्टोबर १९४१ मध्ये वारल्या, रवींद्रनाथांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी. त्याच वर्षी इंदिरादेवी आणि प्रमथ चौधुरी यांनी बालीगंजचे घर सोडून शांतिनिकेतनात मुक्काम हलवला. तेथे रवींद्रभवनाच्या संग्रहात ‘मालती पुथी’ नावाची रवींद्रनाथांची तरुणपणीची एक हस्तलिखित वही आहे. तिच्यात तुकारामांच्या काही अभंगांचे त्यांनी केलेले बंगाली अनुवाद आढळतात. मराठीचा तो धागाही थोरल्या बंधूच्या बिऱ्हाडाकडेच जातो. इंदिरादेवींनी आईच्या आठवणी आणि वडिलांची पत्रे एकत्र करून ‘पुरातनी’ सिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्याआधीच्या वर्षी, १९५६ मध्ये, विश्वभारतीच्या हंगामी उपाचार्यपदाची धुराही त्यांनी सांभाळली होती. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या दोन वह्यांवरून ‘छिन्नपत्र’ची विस्तारित आवृत्ती ‘छिन्नपत्रावली’ या नावाने विश्वभारतीने प्रसिद्ध केली.